ओल्या पानाचे चार रंग

शिरगावच्या पानवेलीच्या वाड्यांत एक नियम आहे. तोडलेलं पान कोरडं पडू द्यायचं नाही. पान वेलीवरून उतरलं की निवडायचं, गड्डी लावायची, वरून पाण्याचा हबका मारायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. दमयंती सावे लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून हे करत आल्या आहेत. पस्तीस वर्षांत एखाद्या सकाळचा चहा राहिला असेल, पानावरचं पाणी राहिलेलं नाही.

या नियमाने त्यांना एकदाच तोंडघशी पाडलं, आणि तेही पडायला नको होतं नेमक्या त्या दिवशी.

दमयंतीबाई बोईसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहेत. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली, पुढच्या मे महिन्यात निवृत्ती. मुलं त्यांना ताई म्हणतात. अंगाने बारीक, बोलणं तोडकं, हातात नेहमी एक सुती फडकं. शिक्षिका नवीन असली की ती आधी पुस्तक बघते आणि मग ताईंकडे बघते. जुनी झाली की थेट ताईंकडे बघते.

माहेर केळव्याजवळच्या माहीमचं. पालघरला बारावी सायन्स झाल्या, पुढचं शिक्षण घरच्या वाडीत जिरलं. लग्नानंतर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काम मिळालं. काम साधं होतं. टाकीतला रंग शिजला की नाही ते बघायचं. काचेच्या कांडीने एक थेंब उचलायचा आणि फिल्टर पेपरवर टेकवायचा. थेंब पसरायचा आणि त्याभोवती रंगांच्या कड्या उमटायच्या. काळा म्हणून विकला जाणारा रंग कागदावर काळा राहत नसे. मध्ये तांबूस, कडेला निळा. कोणती कडी किती रुंद आली की टाकी उतरवायची, हे बाईंना सहा महिन्यांत नुसत्या नजरेला कळू लागलं. पाचव्या वर्षी कारखाना बंद पडला. कागदावरची नजर तेवढी उरली.

कॉलेजात लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी पानातले रंग वेगळे करण्याचा प्रयोग पाहिला. पानाचा हिरवा रस कागदाच्या पट्टीवर टिपक्यासारखा लावायचा, पट्टीचं टोक पेट्रोलसारख्या वासाच्या द्रवात टेकवायचं आणि थांबायचं. द्रव कागदातून वर चढतो आणि रंगांना सोबत नेतो. द्रवाबरोबर धावणारा रंग वर जातो, कागदाला चिकटणारा खाली रेंगाळतो. पाव तासात एका हिरव्याचे चार होतात: टोकाला केशरी, त्याखाली पिवळा, मग निळसर हिरवा आणि सगळ्यांत खाली पोपटी.

‘हे तर आमचंच काम,’ असं बाईंना तेव्हा वाटलं. पुष्कळ ठिकाणी हा प्रयोग एकच जण करतो, बाकीचे लांबून बघतात आणि फळ्यावरचे आकडे वहीत उतरवतात. बाईंनी आपल्या प्रयोगशाळेत तसं होऊ दिलं नाही. प्रत्येकाची पट्टी वेगळी आणि ती ज्याच्या त्याच्या जर्नलमध्ये चिकटवलेली. रंग उजेडात टिकत नाहीत; हिरवा आठवड्याभरात मळकट होतो, केशरी त्याच्याही आधी उडतो. म्हणून पट्टी बाहेर काढली रे काढली की प्रत्येक रंगाभोवती पेन्सिल फिरवायची, हाही त्यांचाच दंडक. अठ्ठावीस वर्षांत कोणतीही तुकडी पट्टीशिवाय गेलेली नाही.

यंदा जूनमध्ये नवे प्राचार्य आले. ललित ठोसर, मूळचे संगमनेरकडचे, रसायनशास्त्राचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वेळापत्रक बघितलं, मुलांची वाढलेली संख्या बघितली, प्रयोगातल्या द्रवाच्या, ईथरच्या वासाने पोरीचं डोकं दुखलं म्हणून आलेली एका पालकाची चिठ्ठी वाचली आणि बाईंना बोलावून घेतलं. जीवशास्त्राच्या चारुता मॅडमही होत्या. त्या तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, दुसरंच वर्ष, त्यामुळे खुर्चीच्या कडेला बसलेल्या.

“सावेबाई, आपण व्हिडिओ दाखवू,” ठोसर म्हणाले. “चार मिनिटांत चारही रंग. पडद्यावर सगळ्यांना दिसतात.”

“दिसतील, सर.”

“मग अडचण काय?”

“कोणाला काढता येणार नाहीत.”

ठोसर थोडे हसले. “गेल्या वर्षी किती जणांचे निघाले होते? खरं सांगा.”

“मोजले नाहीत, सर. पट्टी सगळ्यांची होती.”

“यंदा मोजू. एक तुकडी, चोवीस मुलं, ऐंशी मिनिटं. वीस पट्ट्यांवर चारही रंग दिसले तर प्रयोग राहील. नाही तर या वर्षापासून व्हिडिओ.”

बाहेर आल्यावर चारुता मॅडम म्हणाल्या, “ताई, चोवीसांत वीस जमेल?”

“पालकाची जुडी बरी मिळाली तर.”

बाई नेहमी पालक वापरत. पालकाचं सगळं त्यांना पाठ होतं. आदल्या दिवशी धुवायचा, वर्तमानपत्रावर पसरायचा, प्रयोगशाळेच्या पंख्याखाली रात्रभर वाळवायचा. पाल्यात पाणी राहिलं तर कागदावर टिपका फुटतो आणि रंग एकमेकांत मिसळतात. हे त्या दर नव्या शिक्षिकेला सांगत आल्या होत्या. चारुता मॅडमनाही सांगून झालं होतं.

तारीख ठरली गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यातली, शुक्रवारची. बुधवारी बाईंनी बोईसरचा बाजार पालथा घातला. पालकाच्या जुड्या होत्या, पण अर्धा चिखल आणि अर्धं पाणी. हा पाला दोन दिवसांतही वाळणार नाही, हे त्यांना दिसलं. रिकाम्या पिशवीने परत येताना त्यांनी ठरवलं: घरचं पान न्यायचं. विड्याचं पान. जाड, काळपट हिरवं, आपल्या वाडीतलं, चिखल न लागलेलं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांचे यजमान दिनानाथ वाडीतून तोडलेली पानं घेऊन ओट्यावर आले. त्यांच्या अंगठ्यात अजून तोडणीची लोखंडी नखी होती.

“कालेजात पानं कशाला?” त्यांनी विचारलं. “मास्तर लोक विडा खायला लागले काय?”

“पोरं रंग काढणार त्यातून.”

“रंग काढायचा तर कात-चुना लागतो. नुसत्या पानानं जीभबी रंगत नाय.”

“तुमी चांगली चाळीस निवडून द्या. भाषण नको.”

दिनानाथांनी चाळीस पानं निवडली. बाईंनी गड्डी लावली, पाण्याचा हबका मारला, ओल्या फडक्यात गुंडाळली, वरून केळीचं पान लावलं आणि पुडकं पिशवीत घातलं. हाताने केलं, डोक्याला विचारलं नाही. पालकाला त्या पालकासारखं वागवायच्या आणि पानाला पानासारखं.

शुक्रवारी साडेअकराला तास सुरू झाला. आठ जणांचं एक टेबल, अशी तीन टेबलं. प्रत्येकासमोर एक उंच परीक्षानळी, तिचं बूच, बुचाला टाचणीने अडकवायची पट्टी आणि पट्टीवर खालून दोन सेंटीमीटरवर ओढलेली पेन्सिलची रेघ. पानं खलात गेली, वर ॲसिटोन पडलं, रस गाळून आला. गर्द हिरवा. चारुता मॅडमनी ताईंकडे बघून मान डोलावली.

मुलांनी केसासारख्या बारीक काचनळीने टिपके लावले. टिपका मोहरीएवढा हवा होता, तो बोराएवढा झाला. पंख्याखाली धरला तरी सुकेना. दुसऱ्या थेंबाने तो आणखी फुगला. पहिल्या टेबलाने घाई करून पट्ट्या नळीत सोडल्याही. दहा मिनिटांनी त्यांच्यावर एकच मळकट हिरवा ओघळ होता, शेवाळ धरलेल्या भिंतीसारखा.

“ताई, ॲसिटोन जुनं आहे का?” मॅडमनी हळूच विचारलं.

बाई पिशवीपाशी गेल्या. उरलेल्या पुडक्यातलं एक पान त्यांनी उलटं केलं. पाठीवर थेंब उभे होते. फडकं दाबलं तर बोटांमधून पाणी आलं.

त्या स्टुलावर बसल्या. प्रयोगशाळेत त्यांना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मुलांचा आवाज आपोआप खाली आला.

“चूक माझी आहे,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “पानं ओली आणली. रसात पाणी गेलंय. हा रस टाकून द्या.”

घड्याळात बारा वाजायला तीन मिनिटं होती. सत्तावीस मिनिटं गेली होती. बाटलीत ॲसिटोन तळाशी होतं. ते नळीतल्या द्रवात मिसळायला लागणार होतं. पुन्हा रस काढण्याइतकं नव्हतं. मॅडम खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ठोसर सर शेवटच्या पाच मिनिटांत येणार होते.

बाई हातातल्या पानाकडे बघत होत्या. तोडणीच्या दिवसांत वाडीतल्या बायका नखी पदराला पुसतात. तिच्या धारेची बारीक हिरवी रेघ पदरावर उठते आणि कितीही घासली तरी जात नाही. बाईंच्या दोन साड्या तशाच गेल्या होत्या. त्या रेघेला ना खल लागतो, ना ॲसिटोन. पान दाबलं की रंग थेट कापडात बसतो.

“नाणं आहे का कोणाकडे?” त्यांनी विचारलं.

चोवीस जणांनी खिसे आणि दप्तरं चाचपली.

“ताई, आम्ही स्कॅन करतो,” सुजीत नावाचा मुलगा म्हणाला. “नाणं घेतं कोण आता?”

“वडापाववाला पण घेत नाही,” मागून कोणीतरी म्हणालं.

शेवटच्या टेबलावरून हेमाली उठली. ती दांडी गावची, तिची आई बोईसरच्या बाजारात मासळी विकते. “ताई, माज्याकडं हायत. आयनं सुट्टे ठेवायला दिलेत. पण परत पायजेत.”

“धुऊन परत देऊ गं,” मॅडम म्हणाल्या.

“धुवू नका, मॅडम. वास गेला तर आय वळखणार नाय.”

वर्ग हसला. तेवढ्यात बाईंनी एक पान घेतलं, दोन्ही बाजूंनी कोरड्या फडक्याने खसाखसा पुसलं, वर्तमानपत्रात दाबलं, पुन्हा पुसलं. पट्टीवरच्या पेन्सिलच्या रेघेवर ते पालथं घातलं. वर फूटपट्टी धरली आणि तिच्या कडेने पाच रुपयांचं नाणं उभं धरून, अंगठ्याचा जोर देऊन, चाकासारखं फिरवलं. पान उचललं. कागदावर केसाएवढी हिरवी रेघ होती.

“पानाची नवी जागा घ्यायची, त्याच रेघेवर पुन्हा. आठ वेळा. आणि मधे प्रत्येक वेळी पंख्याखाली धरायची. रेघ सुकल्याशिवाय पुढची नाही. कोण घाई करेल त्याची पट्टी फुकट.”

हेमाली पिशवी घेऊन टेबलाटेबलावर फिरली. कोणाला दोनाचं, कोणाला पाचाचं, कोणाला जुनं जाड एकाचं. एक रुपयाचं बारकं नाणं घसरतं म्हणून दोघांनी बदलून घेतलं. मग चोवीस जण वाकले आणि खोलीत नाणी लाकडावर दाबली जाण्याचा कुरकुर आवाज सुरू झाला. बाई पाठीमागून फिरत होत्या. कोणाचं कोपर सरळ कर, कोणाचं पान पुन्हा पुस. कौतुक केलं नाही, रागावल्या नाहीत. पट्टी पंख्याखाली धरलेल्या एकेकाजवळ जाऊन त्या मागून कागद हाताच्या उलट्या बाजूला लावून बघायच्या, थंड लागला तर म्हणायच्या, “अजून ओली.”

बारा वाजून अठरा मिनिटांनी पट्ट्या नळ्यांत गेल्या आणि बुचं बसली. आता करण्यासारखं काही नव्हतं. या प्रयोगात हाच भाग अवघड असतो, असं बाई म्हणतात. द्रव काचेआडून वर चढत होता. रेघेला लागला, ओलांडून गेला. मिनिटभर काहीच दिसलं नाही. मग हिरव्या रेघेतून एक पिवळी कड सुटली आणि वर निघाली.

“हिरव्या पानात पिवळा कुठून आला?” ज्ञानेश्वरीने विचारलं. तिचे वडील परभणीहून कारखान्यात कामाला आलेले. पहिल्या बाकावर बसणारी, सगळ्यांत आधी हात वर करणारी मुलगी.

“आला नाही, होताच. हिरव्याखाली झाकलेला. पान पिकतं तेव्हा हिरवा जातो आणि हा उघडा पडतो.”

“म्हणजे पिकताना पिवळा नवीन तयार होत नाही?”

“आमच्या वाडीत तरी कोणी रंगवायला येत नाही.”

पावणेएकला पाच कमी असताना पट्ट्या बाहेर आल्या. पेन्सिली फिरल्या. बाई आणि मॅडम एकेक पट्टी उजेडाकडे धरून मोजत गेल्या. केशरी, पिवळा, निळसर हिरवा, पोपटी. पहिल्या टेबलावर सहा. दुसऱ्यावर सात. तिसऱ्यावर सहा.

एकोणीस.

मॅडमनी पुन्हा मोजले. तरी एकोणीस. त्या बाईंच्या जवळ सरकल्या. “ताई, गेल्या वर्षीची एक चांगली पट्टी कपाटात आहे. पुस्तकात घालून ठेवलेली.”

“तिचा हिरवा मळका झालाय,” बाई म्हणाल्या. “आणि ती पालकाची आहे.”

ठोसर आले तेव्हा पट्ट्या पांढऱ्या कागदावर ओळीने मांडलेल्या होत्या. एका बाजूला एकोणीस, दुसऱ्या बाजूला पाच.

“किती?”

“एकोणीस, सर. आणि सुरुवातीची सत्तावीस मिनिटं माझ्या चुकीने वाया गेली. पानं ओली आणली होती.”

ठोसरांनी एकोणिसांकडे ओझरतं बघितलं आणि पाचांकडे वळले. “ही कोणाची?”

“माझी,” ज्ञानेश्वरी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “घाई केली, सर. चौथी रेघ ओली असतानाच पाचवी मारली. ओली रेघ पसरते. बघा, इथून दोन्ही हिरवे मिसळलेत.”

“ही?”

“माझी, सर,” सुजीत म्हणाला. “पट्टी जास्त खाली गेली. रेघच द्रवात बुडाली. मग रंग वर कशाला जाईल, खालीच उतरला.”

तिसऱ्याची पट्टी नळीच्या काचेला चिकटली होती आणि द्रव कडेने वर पळाला होता. चौथीने पान नीट पुसलं नव्हतं. पाचवी पट्टी हेमालीची. “मी नाणी वाटत बसले. मला पाचच रेघा मिळाल्या. रंग कमी पडला, म्हणून केशरी दिसत नाय. असेल तिथं, पण दिसत नाय.”

ठोसर रसायनशास्त्राचे होते. त्यांनी ती पट्टी उचलून तिरपी धरली, डोळे बारीक केले आणि खाली ठेवली.

“वीस ठरले होते, सावेबाई.”

“हो, सर.”

“मे अखेर तुम्ही जाणार. मग हे कोण करणार?”

“कृती लिहून ठेवली तर कोणीही करेल.”

“लिहिली आहे?”

अठ्ठावीस वर्षांत बाईंना कोणी लिहायला सांगितलं नव्हतं आणि त्यांनाही ते सुचलं नव्हतं.

“सोमवारी मला कागद द्या,” ठोसर म्हणाले. “मंगळवारी दुसरी तुकडी. चारुता मॅडम तो कागद वाचून करतील. तुम्ही फक्त बसायचं, बोलायचं नाही. त्या दिवशी वीस आले तर प्रयोग राहील. तुमच्या हातचा प्रयोग मला पुढच्या वर्षी मिळणार नाही; कागदावरचा मिळेल.”

रविवारी बाईंनी ओट्यावर बसून लिहिलं. तीनदा लिहिलं, दोनदा फाडलं. हाताला जे येत होतं ते शब्दाला येईना. जोर किती द्यायचा? शेवटी लिहिलं, ‘पान फाटू नये, पण पाठीवर नाण्याची खूण उठावी.’ रेघ सुकली हे कसं ओळखायचं? ‘मागून कागद हाताच्या उलट्या बाजूला लावावा. थंड लागला तर ओला आहे.’ नाणं कोणतं? ‘जाड. मुलांकडे नसतं, आधी जमवून ठेवावं.’

दिनानाथांनी चष्मा लावून कागद वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीवर थांबले. ‘पान आदल्या दिवशी पुसून, पंख्याखाली ठेवून वाळवावे. त्यावर पाणी मारू नये.’

“हे गावात कोणी वाचलं तर आपल्याला वाळीत टाकतील,” ते म्हणाले.

“म्हणून खाली नाव घातलं नाय.”

“नाव नसलं तरी कळंल. पाणी मारू नये असं लिवायला आधी मारलेलं असाया पायजे.”

मंगळवारी बाई प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. फडकं मांडीवर, दोन्ही हात त्यावर. चारुता मॅडम हातात कागद धरून एकेक ओळ वाचत होत्या आणि वाचलेलं करून घेत होत्या. पानं यावेळी कोरडी होती, सोमवारपासून वर्तमानपत्रावर पडलेली, कडांनी किंचित मुरडलेली. दुसऱ्या टेबलावर एका मुलीचं पान सारखं सरकत होतं. बाईंचं बूड स्टुलावरून चार बोटं उचललं गेलं. दाराशी उभ्या असलेल्या ठोसरांनी नुसतं बघितलं. बूड खाली आलं.

बावीस निघाले.

ठोसरांनी वेळापत्रकातला प्रयोग तसाच ठेवला. तो कागद आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. शेजारी चहाच्या जुन्या डब्यात पंचवीस नाणी आहेत. ती वर्गणी मॅडमची.

त्या मंगळवारी तास सुटल्यावर हेमाली दारात घुटमळत होती. तिच्या तुकडीचा तास कधीच होऊन गेला होता.

“ताई, एक पट्टी उरली असंल तर…”

बाईंनी पट्टी दिली, पान दिलं आणि शेजारी उभ्या राहिल्या. हेमालीने नाणं आपल्याच पिशवीतलं काढलं. आठ रेघा मारल्या, आठ वेळा कागद हाताच्या उलट्या बाजूला लावून बघितला. पट्टी नळीत सोडली. अठरा मिनिटं दोघी काचेआडून चढणारा द्रव बघत होत्या. पट्टी बाहेर आली तेव्हा अगदी टोकाला, पिवळ्याच्या वर, केशरी कड होती. अगदी बारीक, पण होती.

हेमाली ती उजेडाला धरून बघत राहिली. बाईंनी तिच्या हातात पेन्सिल दिली.

“आधी खूण करून घे. बघायचं नंतर. तो रंग थांबत नाही.”